गाठ सुटली नव्हती

पत्र्याच्या डब्यात त्या सकाळी नऊ वस्तू होत्या. केसांच्या चार पिना, त्यातली एक गंजलेली. दोन रबर. मधले दात गेलेला एक कंगवा. सुयांची एक पुडी. आणि मी.

मित्रांनो, मी एक जुनी लाल रिबीन आहे. अडीच सेंटीमीटर रुंद, तेव्हा जेमतेम एक मीटर लांब, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने मंद. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी डोळे पुसतात, असं मी ऐकलं आहे. मी पुसणार नाही. माझ्यावर एक आरोप झाला होता. तो खोटा होता. तो खोटा कसा होता, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म गिरणीतला. विणताना माझे उभे धागे एकाच बाजूला जास्त वर राखले होते. त्या बाजूवरून उजेड परततो म्हणून ती चमकते, आणि बोट तिच्यावरून घसरतं. दुसऱ्या बाजूला धागे एकमेकांत अडकलेले आहेत. ती चमकत नाही, पण पकडून ठेवते. कर्जतच्या बाजारात दुकानदाराने मला कापलं आणि माझी दोन्ही टोकं मेणबत्तीवर धरली. चटका बसला. पण त्यानंतर माझा एकही धागा कधी निघालेला नाही.

मला विकत घेतलं सुंदराने. भिवपुरीच्या पुढे, माथेरानच्या डोंगराखाली तिचं गाव आहे. आसपासच्या बंगल्यांची झाडलोट आणि देखरेख ती करते. तिचा नवरा नवनाथ टेंपो चालवतो. तीन मुली, त्यातली धाकटी छाया, आणि मी छायाच्या पाचवीच्या वर्गासाठी घरात आले. रोज सकाळी तेच. आधी वाटीभर खोबरेल, मग कंगवा, मग ओढून घातलेल्या दोन वेण्या, त्या दुमडून कानाशी आणायच्या आणि दोन्हीकडे रिबिनी. सुंदराच्या हातची वेणी प्रार्थनेला जशी असे, तशीच शाळा सुटतानाही असे. वर्गातल्या बाई इतर मुलींना सांगत, "तुझ्या आईला म्हणावं, छायाच्या आईकडे जाऊन शिकून ये." माझी जोडीदारीण सहलीच्या दिवशी माथेरानच्या माकडाने नेली. तिच्या जागी दुसरी आली. मी मात्र दहावीपर्यंत टिकले.

मग छाया कॉलेजात गेली. तिथे वेण्या कोणी घालत नाही. केसांना एक क्लिप पुरते. मी पत्र्याच्या डब्यात गेले आणि तिथे राहिले. मला त्याचं दुःख झालं असं तुम्हाला वाटेल. झालं नाही. मला गुंडाळून ठेवलं होतं, टाकून दिलं नव्हतं. यातला फरक मला कळतो.

त्या सकाळी डबा उघडला तो एका कुत्रीसाठी.

सुंदराकडच्या एका बंगल्यातली माणसं दिवाळीनंतर गेली ती परत आली नाहीत. जाताना म्हणाली, "हिला आठ दिवस सांभाळा." पुढे त्यांचा फोन लागेना. मागे उरलेली कुत्री पाच किलोचीही नसेल. चपटं नाक, पांढरे केस, आणि ते इतके लांब की पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं हे शेपटी हलल्याशिवाय कळू नये. तिचं मूळचं इंग्रजी नाव कोणालाच धड म्हणता येईना. खळ्यातल्या पेंढ्यात लोळून ती धुळीने भरून आली तेव्हा नवनाथ म्हणाला, "ही तर पिठाच्या गिरणीतनं पडल्यासारखी दिसतीय." तेव्हापासून ती पिठी.

पिठीचे कपाळावरचे केस डोळ्यांत जात. घासून घासून डावा डोळा लाल झाला, मग गळायला लागला, मग तिने तो उघडायचंच सोडलं. छायाने तिला पिशवीत घालून कर्जतच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला रंगाची एक पट्टी लावली आणि अंधार करून निळा टॉर्च मारला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जिथे खरचटला असेल तिथे तो रंग बसतो आणि हिरवा दिसतो. पिठीच्या डोळ्यात हिरवा ठिपका दिसला. डॉक्टरांनी बारीक मोजपट्टी जवळ धरून तो मोजला. तीन मिलिमीटर.

"औषध देतो," ते म्हणाले, "पण औषधापेक्षा केस महत्त्वाचे. रात्रंदिवस डोळ्यापासून वर राहिले पाहिजेत. एक केस जरी घासत राहिला तरी जखम भरणार नाही."

गळ्यात घालायचं प्लॅस्टिकचं नरसाळं त्यांनी दिलं. ते घालून पिठी दोनदा उंबऱ्याला आपटली आणि तिने जेवण सोडलं. ते काढावं लागलं.

नवनाथने सोपा उपाय सांगितला. "मशीन फिरवा आन मोकळी करा. माझ्या डोक्यावर फिरवतात तसं."

"तुमच्या डोक्यावर काय राह्यलंय फिरवायला?" सुंदरा म्हणाली. "डाक्टरनी सांगितलंय, डोळ्याजवळ बारीक कापलं तर खुंट उगवतात. ते डोळ्यात काट्यावानी टोचतात. केस वरच बांधायचं."

"मग बांध. तीन पोरींचं बांधलंस, हिचं काय अवघड हाय?"

हे सुंदरालाही पटलं. मित्रांनो, चूक इथे झाली. ती निष्काळजीपणाची चूक नव्हती, मायेची होती.

पिना टोचल्या असत्या, रबराने केस तुटले असते, म्हणून मला उचललं. माझा वीत-दीड वीत तुकडा कापून घेतला, पुढच्या गोष्टीतली मी ती एवढीच, आणि कापलेलं टोक उदबत्तीवर धरलं. मग सुंदरा पिठीला मांडीत घेऊन बसली आणि तिने वाटीत खोबरेल ओतलं. शाळेत जायच्या मुलीला बसवावं तशीच तिला बसवलं. तळहातावर तेल घेतलं, कपाळावरच्या केसांना मुळापासून चोळलं, कंगवा फिरवला, केस चापूनचोपून डोक्यावर नेले. मी त्या एवढ्याशा झुपक्याला रुंद पडत होते म्हणून तिने मला लांबीला दुमडलं. चकाकी अर्थातच बाहेर ठेवली. दोन वेढे, एक गाठ, वर फूल.

"बघ कशी दिसतीय," सुंदरा म्हणाली. "आता हलत नाय."

पिठी अंगणात गेली. एकदा अंग झटकलं. पेंढ्यात डोकं घासलं. मी खाली पडले.

सुंदराने मला उचललं, पुन्हा बांधलं. मी पुन्हा पडले. पुढच्या काही दिवसांत मी कुठे कुठे सापडले ते ऐका. बाजेखाली. कोंबड्यांच्या खुराड्याशी. मोरीच्या तोंडाशी. एकदा नवनाथच्या टेंपोत, कारण पिठी तिथे जाऊन झोपली होती, आणि मी शिळफाट्यापर्यंत जाऊन आले.

शेजारच्या ललिताकाकीला हे पाहायला रोज वेळ असे. ती कुंपणाशी येऊन उभी राही.

"काय गं सुंदरे, दोन पोरींची लग्नं करून पण हौस फिटली नाय? आता कुत्रीच्या वेण्या?"

"हौस नाय गं, औषध हाय."

"औषध बाटलीत असतंय. रिबिनीतलं औषध मी पह्यल्यांदा बघतीय. उद्या शाळंत नाव घालशील तिचं."

"घालीन. तुझ्या नातवाच्या आधी पाढे शिकंल."

ललिताकाकी हसली, पण गेली नाही. तिच्या देखतच मी पिठीच्या डोक्यावरून ओघळून अंगणात पडले, आणि सुंदराचा राग माझ्यावर निघाला.

"ही रिबीनच मेली जुनी झालीय. जीव नाय राह्यला तिच्यात."

हाच तो आरोप. माझ्यात जीव होता. माझा धागा न् धागा शाबूत होता. मला बोलता येत नाही, पण पुरावा होऊन पडून राहता येतं. दर वेळी मी एकाच अवस्थेत पडत होते. वेढे जसेच्या तसे, फूल जसंच्या तसं, गाठ जशीच्या तशी. कोणीतरी वाकून नीट बघायला हवं होतं. कोणी बघत नव्हतं. सगळे मला उचलत होते आणि सोडवून पुन्हा बांधत होते.

मग सुंदराने तेच केलं जे सगळे करतात. तिने अधिक घट्ट बांधायला सुरुवात केली. तेलही वाढवलं, कारण केस विस्कटलेले दिसत होते. आता पिठीच्या कपाळाची कातडी मागे ओढली जाऊ लागली. तिच्या पापण्या पुऱ्या मिटेनात. झोपेतही डाव्या डोळ्याला एक फट राहायची, आणि तिच्यातून कोरडं बुबुळ दिसायचं. एवढं करूनही मी दुपारपर्यंत घसरायचे आणि तेलाने जड झालेले केस पूर्वीपेक्षा जोरात डोळ्यावर येऊन पडायचे. त्यांना पेंढ्याची कुसं चिकटलेली असायची.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी निळा टॉर्च मारला तेव्हा मी डोक्यावरच होते. ठिपका चार मिलिमीटर झाला होता.

"केस कोण बांधतं?" त्यांनी विचारलं.

"मी," सुंदरा म्हणाली. "कमी पडलं का काय?"

"गुरुवारी पुन्हा आणा. तेव्हा ठिपका चाराच्या खाली पाहिजे. आणखी वाढला तर बुबुळ फुटेल, मग डोळा काढावा लागेल."

परतताना रिक्षात पिठी सुंदराच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. मी वाटेतच निसटले आणि छायाच्या हातात आले.

छायाने मला सोडवलं नाही. पहिल्यांदाच कोणीतरी मला न सोडवता बघत होतं. घरी आल्यावरही तिने मला तसंच तळहातावर ठेवलं होतं.

"आई, गाठ बघ."

"काय बघू? सैल पडली."

"सैल कुठंय? तू मारलीस तशीच हाय. सुटली असती तर रिबीन सरळ होऊन पडली असती ना? ही आख्खी निघालीय. हातातनं बांगडी निघते तशी."

"म्हंजे अजून घट्ट पायजे."

"अजून घट्ट करशील तर तिचा डोळाच मिटायचा नाय." छाया थांबली. मग म्हणाली, "कासारीण बांगड्या भरते तेव्हा हाताला काय लावते?"

"साबण. नायतर तेल."

"कशाला?"

सुंदराने कोनाड्यातल्या खोबरेलाच्या वाटीकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं.

तुम्हाला वाटेल, आता प्रश्न सुटला. तसं होत नसतं. सुंदरा उठली आणि भांडी आपटायला लागली.

"तेलाबिगर केस बसतात का कुठं? शंभर वेण्या घातल्यात मी. एक कदी सुटली नाय."

"माझं केस जाड हायत, आई. हिचं बघ, कोळ्याच्या जाळ्यागत. त्याला तेल लावलं की धरायला काय राहतच नाय."

"बिनतेलाचं डोकं बघून लोक आईला नावं ठेवतात."

"ती पोर नाय, आई."

"माझ्या घरात झोपती ना?" सुंदरा म्हणाली, आणि तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मीच तिचा डोळा घालवतीय, असं म्हण की मग सरळ."

"मी तसं बोलले नाय."

"नाय बोललीस."

मग सुंदरा आत गेली आणि डाळीच्या पिठाचा डबा घेऊन आली. "तेल काढायचं तर शाम्पूनी नाय निघायचं एवढं. पीठ चोळावं लागंल. दिवाळीला काढतो तसं."

छायाने ओल्या फडक्याने पिठीचे दोन्ही डोळे झाकून धरले. सुंदराने कपाळावरच्या केसांना पीठ चोळलं, कोमट पाण्याने हळूहळू उतरवलं, पुन्हा चोळलं. मलाही त्याच पाण्यात बुडवलं. कुत्री आणि मी, दोघी उन्हात वाळलो. वाळल्यावर पिठीचे केस इतके हलके झाले की छायाने श्वास सोडला तरी हलत. ललिताकाकी कुंपणापाशी होतीच. "आता पीठ लावलंत," ती म्हणाली. "तळायची कवा?"

सुंदराने पिठाच्या डब्याचं झाकण लावलं.

छायाने मला बोटांत धरून दोन्ही बाजू चाचपल्या. चकचकीत बाजूवर अंगठा फिरवला, मग मंद बाजूवर फिरवला. मग तिने मला लांबीला दुमडलं, पण उलटं. चकाकी आत गेली आणि माझी मंद, खरखरीत बाजू पहिल्यांदा बाहेर आली. कोरड्या केसांना मी टेकले आणि मला ते धरता आले. मित्रांनो, गाठ म्हणजे फक्त वेढ्यांची अडवणूक. खरं धरून ठेवतं ते घर्षण. ते आधीही माझ्यात होतं. त्याला तेलातून आणि चकाकीतून वाट मिळत नव्हती, एवढंच.

तरीही छायाच्या हाताला ते जमेना. कपाळावर झुपका उभा करून बांधला की पिठीने डोकं हलवताच तो कारंज्यासारखा फाके आणि चार केस पुन्हा डोळ्यावर येत. तिसऱ्या खेपेला सुंदराने तिला बाजूला सारलं.

"सर. झुपका नको. वेणी पायजे."

"एवढ्याशा केसांची?"

"तुझं पह्यलीत यवढंच होतं."

सुंदराने दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपासून भांग काढला. तेवढेच केस घेतले, त्याहून एकही जास्त नाही. मला मधोमध दुमडून मुळाशी ठेवलं आणि माझी दोन टोकं दोन पेडांत घातली. तिसरा पेड नुसत्या केसांचा. मग वेणी विणत ती मागे गेली, दोन्ही कानांच्या मधून. प्रत्येक पेड माझ्यावरून जाताना मला दाबत होता आणि मी त्याला. आता मला अख्खी निघायची सोयच उरली नाही, कारण मी केसांभोवती नव्हते, केसांत होते. शेवटी टोकाला एक छोटं फूल.

"थांब," छाया म्हणाली. तिने पिठीच्या डोळ्यासमोर बोट नेलं. पिठीने पापणी मिटली. पुरती मिटली नाही.

सुंदराने वेणीच्या मुळाशी करंगळी घातली आणि केस किंचित सैल केले. छायाने पुन्हा बोट नेलं. पापणी मिटली. फट नव्हती.

"बस," सुंदरा म्हणाली.

त्यानंतर दर सकाळी हेच. पीठ नाही, तेल नाही, कोरडा कंगवा, उलटी रिबीन, वेणी, आणि पापणीची परीक्षा. दुपारी सुंदरा बंगल्यावरून मुद्दाम चक्कर टाकून मला बघून जाई. मी पेंढ्यात लोळले. पोत्यावर घासले. गावातल्या दोन मोठ्या कुत्र्यांनी पिठीला हुंगताना मला दातांत धरून ओढलं, आणि पिठीने त्यांच्यावर असा आवाज काढला की तेच मागे सरले. मी तिच्या डोक्यावरच होते. अभिमान वाटला का म्हणाल तर वाटला, आणि मी तो लपवणार नाही.

ललिताकाकीने एके दिवशी मान वाकडी करून पाहिलं. "सुंदरे, उलटी बांधलीय गं. चकाकी आत गेलीय."

"ठाव हाय."

"लोक म्हनतील, हिला सुलट-उलट पण कळत नाय."

"म्हनूं दे. सुलटी घसरती. मी उलटीच बांधनार. आता आलीसच तर हिचं पाय धर, थेंब घालायचं हायत."

ललिताकाकीने पाय धरले. "नखं बघ केवडी," ती म्हणाली. "त्याला पण रंग लाव एकदा."

"तुझा उरलेला असंल तर दे," सुंदरा म्हणाली, आणि थेंब घातले.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तूने हात जोडायचे आणि 'आम्हाला जपा' म्हणायचं, अशी पद्धत आहे. मला हात नाहीत, आणि विनवणी करायची माझी तयारीही नाही. मी फक्त बजावते. एखादी वस्तू काम करेनाशी झाली की तिला मेली, जुनी, बिनजिवाची म्हणण्याआधी उचलून नीट बघा. ती सुटली आहे की अख्खी निघाली आहे, ते बघा. ते वेगळं असतं आणि त्यांचे उपायही वेगळे असतात. जे निसटतं ते दर वेळी आवळून टिकत नाही. आणि मायेने ज्याला बांधाल, मग ते कुत्र्याचं पिल्लू असो की माणसाचं, त्याला डोळा मिटता येतो ना, ते आधी तपासा. ज्यांना हे हसण्यासारखं वाटतं त्यांनी खुशाल हसावं. मी उलटी राहून ऐकेन.

गुरुवारी नवनाथनेच टेंपो काढला. पिठी सुंदराच्या मांडीवर बसून गेली. डॉक्टरांच्या खोलीत पडदे ओढले गेले. सुंदराने टेबलाची कड पकडली होती. छाया पिठीचं डोकं धरून उभी होती, आणि तिचा अंगठा माझ्यावर होता. रंगाची पट्टी डाव्या डोळ्याला लागली. निळा टॉर्च पेटला. डॉक्टर वाकले, मोजपट्टी जवळ धरली, एकदा मोजलं, पिठीला थोडं वळवलं आणि पुन्हा मोजलं.

"डावा डोळा," ते म्हणाले. "एक मिलिमीटर."